ऑगस्टीन मराठीत का नाही?

ज्ञानेश्वरी म्हणजे काय, असं इथे वाढलेल्या मुलांनी विचारलं की आपण पटकन सांगतो, गीतेवरची टीका. मुलं गोंधळतात, कारण टीका म्हणजे नावं ठेवणं एवढंच त्यांच्या कानावर आलेलं असतं. मराठीत हा शब्द दोन्ही कामं करतो, आणि या लेखातही तो दोन्ही कामं करणार आहे. एका फार जुन्या टीकापरंपरेची ओळख मला तुम्हाला करून द्यायची आहे. ती मराठीत नाही याबद्दल तुमच्यावर आणि माझ्या समाजावर थोडी टीकाही करायची आहे.

मी वसईची कॅथलिक. पोटापाण्यासाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक करते. माझ्या विषयाचा आणि या लेखाचा काही संबंध नाही. संबंध आहे तो रविवारचा. जगातल्या कुठल्याही लॅटिन विधीच्या कॅथलिक चर्चमध्ये एखाद्या रविवारी शुभवर्तमानाचा जो उतारा वाचला जातो, तोच इतर सगळीकडे वाचला जातो. वसईत पापडीला मराठीतून, ओहायोत कोलंबसला इंग्रजीतून, मनिलात तागालोगमधून. वारकऱ्याचं वर्ष जसं एकादशींवर चालतं, तसं हे उपासना वर्ष रविवारांवर चालतं. नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ, मग नाताळ, मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ, मग पुनरुत्थानाचे पन्नास दिवस, आणि उरलेला सामान्य काळ. १९६९ च्या अखेरीपासून हे चक्र तीन वर्षांचं झालं. पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय वाचायचा, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहान या तिघांच्या मधे मधे येतो, विशेषतः उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात.

या उताऱ्यांवर पहिल्या पाच-सहा शतकांत ज्यांनी निरूपण केलं, ते ख्रिस्तसभेचे आद्य आचार्य. ओरिजेन, एफ्रेम, बेसिल, योहान क्रिसोस्तोम, अँब्रोज, जेरोम, ऑगस्टीन, थोरला ग्रेगरी. ही नावं ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे गोरे साहेब आले असतील, तर कृपया नकाशा उघडा. ओरिजेन इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. एफ्रेम निसिबिसचा, म्हणजे आज तुर्कस्तान आणि सीरियाच्या हद्दीवर असलेल्या नुसायबिनचा. तो ग्रीकमध्ये नाही, लॅटिनमध्येही नाही, सिरियाक भाषेत लिहायचा, आणि त्याचं पुष्कळसं लेखन पद्यात आहे. क्रिसोस्तोम अंत्युखियाचा, म्हणजे २०२३ च्या भूकंपात जमीनदोस्त झालेल्या अंताक्याचा. ऑगस्टीन आजच्या अल्जीरियात जन्मला आणि तिथल्याच हिप्पो या बंदराच्या गावी ४३० साली वारला. अजिंठ्याची नंतरची, आपल्याला चित्रांमुळे माहीत असलेली लेणी कोरली जाण्याच्याही आधीची यातली बहुतेक माणसं आहेत. युरोप तेव्हा या विद्येचं केंद्र नव्हता.

आपल्या किनाऱ्याशीही हे जग जोडलेलं होतं. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लेउस्तेस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या माणसाने लिहून ठेवलंय की कल्लियाना नावाच्या बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. वसई-कल्याणच्या खाडीत सिरियाक प्रार्थना पोर्तुगिजांच्या जवळजवळ हजार वर्षं आधी पोचल्या असाव्यात, असा त्याचा अर्थ. तेव्हा ‘तुमचा धर्म पाश्चात्त्य’ हे वाक्य मला ऐकवण्याआधी जरा तारखा तपासा.

आता या निरूपणाचा बाज पाहा. ऑगस्टीन बसून बोलायचा आणि श्रोते उभे असायचे. कीर्तनाच्या उलट. पण बाकी सगळं ओळखीचं. लोक मधेच दाद द्यायचे, ओरडायचे, एखादं वचन अर्धं उच्चारलं की उरलेलं स्वतःच पूर्ण करायचे. लघुलेखक बसल्या जागी टिपून घ्यायचे, म्हणून ती प्रवचनं बोलल्यासारखीच आपल्यापर्यंत आली आहेत. व्याकरणाच्या पंडितांनी नावं ठेवली तरी चालेल, पण लोकांना कळलं पाहिजे, असं तो एके ठिकाणी स्पष्ट सांगतो. संस्कृत सोडून प्राकृतात लिहिणाऱ्या एकनाथांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं. ज्ञानोबा-तुकोबांना आपण प्रेमाने एकेरीत हाक मारतो, म्हणून मीही ऑगस्टीनला एकेरीतच बोलवते आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ही परंपरा मराठीत यायला हवी, रविवारच्या उताऱ्यांच्या क्रमाने यायला हवी, आणि इंग्रजीवरून न येता मूळ ग्रीक, लॅटिन, सिरियाकमधून यायला हवी. ख्रिस्ती लोकांची सोय एवढाच त्यामागचा हेतू नाही. मराठी ही निरूपणाची भाषा आहे, आणि या निरूपणातले काही अर्थ इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक खरे उतरतात. हे नुसतं अभिमानाने म्हणत नाही. उदाहरण देते.

उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, मत्तयच्या वर्षात, योहानच्या चौथ्या अध्यायातला उतारा असतो. पुनरुत्थानाच्या सणाला बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीसाठी हा उतारा फार जुन्या काळापासून वापरात आहे. भर दुपारची वेळ. येशू प्रवासाने थकून याकोबाच्या विहिरीपाशी बसला आहे. एक शोमरोनी बाई एकटीच पाणी भरायला येते. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नाहीत.

ऑगस्टीन इथे थांबतो आणि श्रोत्यांना सांगतो की यहुदी त्या लोकांची भांडीसुद्धा वापरत नसत. बाईच्या हातात पाणी शेंदायचं भांडं होतं. तिला आश्चर्य वाटलं ते म्हणून.

आता मला सांगा, हे इंग्रजीत वाचणाऱ्या अमेरिकन माणसाला काय कळतं? दोन जमातींचं पटत नव्हतं, एवढं. तळटीप वाचली तर ‘रिच्युअल इम्प्युरिटी’ असा एक कोरडा शब्द मिळतो. आपल्याला मात्र तळटीप लागत नाही. आपल्याकडे त्याला नाव आहे, विटाळ. भांड्याचा विटाळ, सावलीचा विटाळ, पाणवठ्याचा विटाळ. कुणी वरून ओंजळीत पाणी ओतायचं आणि कुणी खाली वाकून प्यायचं, हे महाराष्ट्राने शतकानुशतकं केलेलं आहे. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले तो दिवस २० मार्च १९२७. उपवासकाळाचा तिसरा रविवार बहुधा मार्चमध्येच येतो. मराठीत हा उतारा वाचला की त्या विहिरीच्या काठाशी महाड उभं राहतं, कुणी ओढून आणावं लागत नाही. इथे पाणी मागणारा देव आहे, आणि तो विटाळलेल्या भांड्यातून मागतो आहे. ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकं भांड्यावर बोट ठेवलं. त्याचं पूर्ण वजन पेलणारा शब्द त्याच्या लॅटिनपेक्षा आपल्याकडे अधिक तयार आहे. हे वाक्य लिहिताना मला आनंद होत नाही, कारण तो शब्द आपण ज्या वापरातून कमावला तो लाजिरवाणा आहे. ख्रिस्ती झालेल्यांनीही जात चर्चच्या दारात ठेवली नाही, बरोबर आत नेली. म्हणूनच हे निरूपण मराठीत झालं तर ते ख्रिस्त्यांनाही झोंबेल. झोंबायला हवं.

पुढे येशू तिला म्हणतो, नवऱ्याला बोलावून आण. तिला पाच नवरे होऊन गेलेले असतात आणि आता ज्याच्याबरोबर ती राहते तो तिचा नवरा नसतो. ऑगस्टीन सांगतो की हे पाच नवरे म्हणजे पाच इंद्रियं. माणूस जन्मल्यापासून त्यांच्या हुकमात वागतो, आणि खरा नवरा, ज्याला बोलावून आणायचं आहे, तो म्हणजे ‘इंतेल्लेक्तुस’. इंग्रजी अनुवादात याचं ‘अंडरस्टँडिंग’ होतं आणि वाचक बुचकळ्यात पडतो. मराठीत रामदासांनी घासून घासून चकचकीत करून ठेवलेला शब्द आहे, विवेक. विवेकाला बोलाव, मग पाण्याचं बोलू. आता हे वाक्य कुठल्याही आजीला कळेल.

इथवर आलेला आजचा इंग्रजी वाचक बहुधा पुस्तक मिटतो. त्याला असली रूपकं ओढूनताणून केलेली वाटतात. नाथांची भारुडं ऐकत वाढलेल्या माणसाला तसं वाटत नाही. नाथांचा विंचू हा विंचू नाही हे आपल्याला कुणी शिकवत नाही, संबळ वाजायला लागलं की कळतं. मग ती बाई मडकं तिथेच टाकून गावाकडे धावत सुटते. ऑगस्टीन श्रोत्यांना ‘हिद्रिया’ या शब्दाची ग्रीक व्युत्पत्ती सांगतो, पाण्यावरून आलेला शब्द म्हणून, आणि म्हणतो की तिने वासना टाकली आणि सत्य सांगायला धावली. शब्दाची फोडही आणि गोष्टही. ही घडण आपण कुठे पाहिली आहे, हे मी सांगायला नको.

या निरूपणात एक गोष्ट मात्र सुटली आहे. पाच नवऱ्यांची इंद्रियं करताना त्या बाईचं आयुष्य हातातून निसटतं. त्या समाजात नवरा सोडणं बाईच्या हातात फारसं नव्हतं, म्हणजे ती पाच वेळा टाकलेली किंवा विधवा झालेली असू शकते. ऑगस्टीन तिथे थांबत नाही. तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्लेल्या बहिणाबाईंचं आत्मकथन ज्या भाषेत आहे, त्या भाषेत या उताऱ्यावर आणखी एक टीका लिहिता येईल. अनुवादाचा खरा फायदा हाच असतो. जुनं भाष्य आलं की त्यावर नवं भाष्य येतं. ते आलंच नाही, तर नव्यालाही जागा मिळत नाही.

दुसरं उदाहरण लूकच्या वर्षातलं, सामान्य काळाच्या अठराव्या रविवारचं. एका श्रीमंताचं पीक उदंड येतं. तो म्हणतो, ही कोठारं पाडून मोठी बांधतो. त्याच रात्री तो मरणार असतो. चौथ्या शतकात कप्पदुकियात, म्हणजे आजच्या मध्य तुर्कस्तानात, बेसिलने या उताऱ्यावर प्रवचन केलं. साठच्या दशकाअखेरीस तिथे भीषण दुष्काळ पडला होता, आणि धान्य दाबून ठेवणारे बेसिलच्या समोरच उभे असायचे. तो त्यांना सांगतो की तुमच्याकडे पडून असलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतलं पांघरूण उघड्याचं आहे, कोपऱ्यात कुजणारे जोडे अनवाण्याचे आहेत. आपलं काहीतरी दान द्या, अशी ही विनंती नाही. ते मुळात तुमचं नाहीच, असं तो म्हणतो.

अमेरिकेतल्या मराठी वाचकहो, हा उतारा आपल्यासाठी आहे. गराजमध्ये गाडी मावत नाही म्हणून गाडी बाहेर आणि खोकी आत, तीही मावली नाहीत की हायवेच्या कडेला महिन्याच्या भाड्याने घेतलेलं स्टोरेज युनिट. कोठारं पाडून मोठी बांधण्याचा एवढा सुबक धंदा बेसिललाही सुचला नसता. १६३० च्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ती गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि स्टोरेजचं भाडं ऑटोपेवर लावतो. बेसिल मराठीत असता तर तुकोबांच्या शेजारी बसला असता, आणि दोघांपासून सुटका करून घेणं आपल्याला जरा अवघड गेलं असतं.

आता तुमचे आक्षेप.

पहिला आक्षेप, हे सगळं इंग्रजीत फुकट मिळतं, मग मराठी कशाला? फुकट जे मिळतं ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातलं. फिलिप शाफने न्यूयॉर्कमधून १८८६ पासून काढलेले जाडजूड खंड इंटरनेटवर आहेत, आणि त्यातली भाषा त्या काळच्या पाद्र्याच्या कोटासारखी गळ्यापर्यंत बटणं लावलेली आहे. ऑगस्टीनची बोलीभाषा त्यात गुदमरते. शिवाय आज या देशात आद्य आचार्यांवर एका विशिष्ट राजकारणाने मालकी सांगितली आहे. लैंगिक नीतीबद्दलचे त्यांचे उतारे फलकांवर झळकतात. बेसिलचं कोठार तिथे दिसत नाही. आपल्याला हे आचार्य इंग्रजीतून मिळतात तेव्हा ही निवडही त्यांच्याबरोबर येते.

भाषांतराला कमी लेखणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तेराव्या शतकात, १२६० च्या दशकात, थॉमस अक्वायनसने पोप चौथा अर्बन याच्या सांगण्यावरून चारही शुभवर्तमानांवरच्या जुन्या टीकांचं ओवीसारखं गुंफलेलं संकलन सुरू केलं. पुढे त्याला ‘कातेना आउरेआ’, म्हणजे सोन्याची साखळी, हे नाव पडलं. ज्ञानेश्वरीच्या साधारण पंचवीस वर्षं आधीची ही गोष्ट. त्याच्यासारख्या पंडितालाही ग्रीक पुरेसं येत नव्हतं. त्याने काय केलं? ग्रीक टीका लॅटिनमध्ये मुद्दाम भाषांतरित करवून घेतल्या. आपल्या भाषेत नाही म्हणून परक्या भाषेत वाचून भागवू, असं तो म्हणाला नाही.

दुसरा आक्षेप मोठा आहे, आणि बहुतेक वेळा तो तोंडावर बोलला जात नाही. हा धर्मप्रचार आहे. त्याला मी टाळणार नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ साली राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि मराठीची जी स्तुती त्यात आहे ती आपण मराठी दिनाला मोठ्या हौसेने म्हणतो. पण ज्या सत्तेच्या छायेत ते छापलं गेलं, त्याच सत्तेने साष्टीतली देवळं पाडली होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसवलं होतं आणि स्थानिक भाषांतले ग्रंथ जाळले होते. जुनी पुराणं हिरावली गेली, म्हणून नव्या पुराणाची गरज पडली. हे मी कॅथलिक म्हणून सांगते, आणि ख्रिस्तपुराणाचं कौतुक करताना ते वगळणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

मात्र पुढचं पानही वाचा. ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. मग १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. म्हणजे स्थानिक भाषेतलं ख्रिस्ती निरूपण सत्तेला नको झालं होतं. आज तुम्ही ‘हे मराठीत नको, हे तुमचं इंग्रजीत चालू द्या’ असं म्हणता, तेव्हा नकळत त्या व्हाइसरॉयच्या बाजूला जाऊन उभे राहता. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहून, टिपा देऊन, हा ग्रंथ मराठी वाचकाच्या घरात आणून ठेवला. त्यांची उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनासाठी अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा विरोध कशाला झाला? त्यांच्या मराठीला नाही. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. त्यांनी मूळ ग्रंथ दिला. त्या ग्रंथावरची पहिल्या शतकांतली टीका रविवारच्या क्रमाने मराठीत लावून दिलेली माझ्या पाहण्यात नाही. वाचन म्हणजे धर्मांतर असतं, तर मॅक्स म्युलर गंगेवर संध्या करत बसला असता.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो तुम्ही घेतलेला नाही. हे आचार्य सगळेच्या सगळे पूजनीय नाहीत. क्रिसोस्तोम म्हणजे सुवर्णमुखी. चर्चला रेशमी पडदे चढवायचे आणि बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या भावाकडे पाठ फिरवायची, यावर त्याने मत्तयच्या प्रवचनांत जे झोडपलंय ते आजही अंगावर येतं. त्याच मुखातून ३८६-८७ साली अंत्युखियात यहुद्यांविरुद्ध आठ प्रवचनं निघाली. ती इतकी विषारी आहेत की पुढची कित्येक शतकं ज्यूद्वेष्ट्यांना पुरली. ख्रिस्तसभेने या परंपरेशी अधिकृत काडीमोड घ्यायला १९६५ साल उजाडलं.

आणि इथेच मराठी अनुवादकाची खरी परीक्षा आहे, कारण मराठी ही ज्यूंचीही भाषा आहे. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, त्यांनी १८८० च्या सुमारापासून अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर मराठी कीर्तनं केली, तीही अस्सल कीर्तनाच्या थाटात. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. क्रिसोस्तोम मराठीत आणणाऱ्याला हे ध्यानात ठेवावं लागेल की त्याचा एक वाचक रेवदंड्याचा यहुदी असू शकतो. इंग्रजीत गाळून टाकणं किंवा शहाजोग तळटीप देणं सोपं आहे. मराठीत त्या वाचकाच्या डोळ्यांना डोळे भिडवून, ‘हा इथे चुकला, याने इथे पाप केलं’ असं लिहावं लागेल. मला तेच हवं आहे. पूजेसाठी नाही, वाद घालण्यासाठी हे ग्रंथ मराठीत हवेत.

आता माझ्या समाजाकडे वळते. वसईच्या आमच्या घरांत १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. आमच्या आधीच्या पिढ्यांना न कळणारे शब्द आम्हाला कळू लागले. त्या निर्णयाचं आम्ही पुढे काय केलं? मुलांना इंग्रजी शाळांत घातलं, अमेरिकेत आल्यावर सर्वांत जवळचं इंग्रजी चर्च गाठलं, आणि मराठी उरली ती मासळीच्या रश्श्यापुरती. केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांनी २००१ साली शिकागोत स्वतःचं धर्मप्रांत उभं केलं, आपल्या भाषेसकट आणि आपल्या सिरियाक वारशासकट. आमची संख्या तेवढी नाही, मान्य. पण एक पान मराठी वाचायला धर्मप्रांत लागत नाही. महाराष्ट्र मंडळात ‘तुमचं मराठी किती छान’ असं ऐकून घेताना आम्हाला राग येतो. तो यावाच. मात्र मुलांना ऑगस्टीन द्यायची वेळ येते तेव्हा आम्हीच इंग्रजी पुस्तक पुढे करतो, आणि मग समोरच्याचा समज आम्हीच पक्का करतो.

हे काम केवढं आहे, याचा हिशोब मांडते. तीन वर्षांचे रविवार १५६. दर रविवारी एका आचार्याचं एक पान, मूळ भाषेतून, आणि अर्धं पान आजच्या मराठी माणसाची टीप, ज्यात सहमती असेल किंवा भांडण असेल. अडीचशे पानांच्या आतलं पुस्तक होतं. अमेरिकेतल्या विद्यापीठांत लॅटिन, ग्रीक आणि सिरियाक शिकवणारे विभाग आहेत, ग्रंथालयं आहेत, आणि मराठी विद्यार्थी तर खंडीभर आहेत. त्यातल्या चौघांनी दोन सत्रं लॅटिन घेतलं तर सुरुवात होते. ते चौघं ख्रिस्ती असलेच पाहिजेत असं नाही. एखादा नास्तिक असला तर टिपा अधिक चांगल्या होतील.

हे अशक्य वाटत असेल, तर न्यू जर्सीतल्या समिट गावाची आठवण करून देते. तुमच्यापैकी कित्येकजण त्याच्या आसपास राहता, रोज त्या स्टेशनवरून ट्रेन जाते. जस्टिन अ‍ॅबट हा न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेला माणूस अमेरिकन मराठी मिशनचं काम करून निवृत्त झाला आणि समिटला येऊन राहिला. १९२६ पासून १९३२ साली मरेपर्यंत त्याने भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम यांच्यावरची पुस्तकं एकामागून एक इंग्रजीत आणली, आणि महिपतीच्या संतचरित्रांत पुण्याचे नरहर गोडबोले त्याच्या सोबतीला होते. लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातलं ख्रिस्तपुराणाचं देवनागरी हस्तलिखितही अभ्यासकांपुढे आणलं ते त्यानेच. एका म्हाताऱ्या अमेरिकन मिशनऱ्याने न्यू जर्सीत बसून आपले संत त्याच्या भाषेत नेले. शंभर वर्षांनी त्याच न्यू जर्सीत हजारो मराठी पदवीधर बसले आहेत. त्यांच्यापैकी कुणालाच उलट दिशेने एक पानसुद्धा आणावंसं वाटू नये?

पुढचं उपासना वर्ष नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतं. तिन्ही वर्षांत पहिल्या रविवारचा विषय एकच असतो, जागे राहा. मी लॅटिनची दोन सत्रं पुरी केली आहेत आणि ऑगस्टीनचं विहिरीवरचं प्रवचन अर्धं मराठीत आणलं आहे. ग्रीक येणारं कुणी हवं आहे. सिरियाक येणारं कुणी मिळालं तर एफ्रेम ओवीत बसवून पाहता येईल. आणि काहीच येत नसेल, तर निदान पाणवठ्याची गोष्ट मराठीत वाचा आणि तुमची टीका लिहून पाठवा, दोन्ही अर्थांची.